आपल्या कार्याचे माप कसे घ्यावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. विषय मात्र आम्ही स्वतः निवडला. आणि तो कळल्यावर चिटणीसांच्या मुद्रेवर जी चिंता उमटली, ती आमच्या नजरेतून सुटली नाही. विषय आहे अर्थमितीचा. अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांच्या संगमातून निर्माण झालेले हे शास्त्र. आमचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. पुढे ३६ वर्षे खडू-फळ्याची सेवा घडली, एवढेच. तेव्हा या शास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु त्याच्या एका शाखेने उतारवयात आम्हांस जो चटका दिला, तो सांगण्याचा अधिकार आमच्यावाचून दुसऱ्या कोणास असणार?

आपणांस ठाऊक आहेच की, येत्या बैठकीपुढे एक ठराव यावयाचा आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी मंडळाच्या सभागृहात संध्याकाळी चालणारा मोफत वर्ग बंद करावा व त्यावरील खर्च गुणगौरव समारंभातील पारितोषिकांकडे वळवावा, असा त्याचा आशय आहे. हा वर्ग २२ वर्षे आम्ही चालवीत आलो आहोत. साहजिकच, आम्ही विरोधात बोलणार व पुराव्यादाखल मंडळाचे वार्षिक अहवाल पुढे करणार, अशी सर्वांची अपेक्षा आहे. प्रत्येक अहवालात आमच्याच हस्ताक्षरातील एक वाक्य आढळेल : ‘मोफत वर्गातील दहांपैकी नऊ विद्यार्थी यंदा उत्तीर्ण झाले.’ हे वाक्य वाचले की टाळ्या पडत, देणगीदार संतुष्ट होत, आणि खोटे कशास बोलावे, आम्हीही संतुष्ट होत असू.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमची पुतणी घरी आली होती. ती अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. अहवाल चाळता चाळता तिने सहज विचारले, “काका, हीच मुले तुमच्या वर्गाला आली नसती, तर किती पास झाली असती?”

आम्ही रागावलो. पोरीने फराळाचे ताट हातात घेऊन आपल्या २२ वर्षांच्या श्रमांवर बोट ठेवावे, हे रुचले नाही. पण प्रश्न काही केल्या मनातून जाईना. त्या रात्री आम्ही वर्गाच्या जुन्या वह्या काढून बसलो.

आमच्या वर्गाचे दोन नियम होते. पहिला, पालकांनी स्वतः येऊन मुलाचे नाव घालावे. दुसरा, सलग आठ दिवस गैरहजर राहणाऱ्याचे नाव तांबड्या शाईने खोडावे. शिस्तीच्या दृष्टीने नियम उत्तम. परंतु त्यांचा परिणाम काय झाला? ज्या घरी वडिलांना मुलाच्या अभ्यासाची काळजी होती, तीच मुले आत आली. आणि त्यांतली जी टिकणारी होती, तेवढीच अहवालात मोजली गेली. एका वहीत एका मुलाचे नाव असे खोडलेले सापडले. संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीत कामास जाऊ लागला, म्हणून त्याची हजेरी चुकली. त्याच्या नावापुढचा रकाना कोरा आहे. तो पुढे उत्तीर्ण झाला की अनुत्तीर्ण, याची आम्ही कधी चौकशीही केली नाही. म्हणजे ‘दहांपैकी नऊ’ हा आकडा खरा; परंतु तो आमच्या शिकवण्याचा की त्या घरांच्या दक्षतेचा, हे त्या वह्यांवरून मुळीच सांगता येत नाही.

या शास्त्राचा सारा खटाटोप याच एका अडचणीभोवती आहे. मदत मिळाल्यावर काय झाले, ते डोळ्यांना दिसते. तीच मदत त्याच माणसास त्याच वेळी मिळाली नसती तर काय झाले असते, ते कोणासही कधी दिसत नाही. एकच मुलगा एकाच वर्षी वर्गात आणि वर्गाबाहेर असू शकत नाही. मग आपण काय करतो? त्याच्या सहामाहीच्या गुणांशी वार्षिक गुणांची तुलना करतो. पण सहा महिन्यांत मूल वाढते, शाळेतही चार गोष्टी शिकते, परीक्षा जवळ आली की आपोआप पुस्तक उघडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि श्रेय कावळ्यास मिळते. नाही तर, वर्गात आलेल्या मुलांची न आलेल्यांशी तुलना करतो. तीत दोष कोणता, ते आमच्या वह्यांनी दाखविलेच.

पुतणीने यावर वाचण्यासारखे बरेच आणून दिले. सगळे समजले असे म्हणणार नाही. समीकरणांची पाने आम्ही आदराने उलटली. परंतु त्यांत एक हकीकत मुंबईच्या महानगरपालिकेच्या शाळांची निघाली, आणि ती मात्र आम्ही दोनदा वाचली.

मुंबईत १९९५ साली माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. तिच्या अनेक कामांपैकी एक होते ‘बालसखी’. तिसरी-चौथीत पोहोचूनही ज्यांना धड वाचता येत नाही, साधी बेरीज जमत नाही, अशी १५-२० मुले वर्गातून वेगळी बसवावयाची, आणि वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास त्यांना पायापासून शिकविणार. तिचे मानधन तेव्हा महिना ५०० ते ७५० रुपये होते. ही कल्पना कोणासही आवडेल अशीच. पण तिने मुले खरोखर शिकतात काय? हा प्रश्न अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे दोन सहकारी यांनी हाती घेतला. (बॅनर्जी यांचा जन्म १९६१ सालचा, मुंबईतला, त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. त्यांना, डुफ्लो यांना आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्यातील कित्येकांनी ही मराठी नाळ मोठ्या कौतुकाने सांगितली. पारितोषिक कशाबद्दल मिळाले, हे मात्र आम्हांसह फारच थोड्यांनी विचारले.)

मुंबई व बडोदे येथे त्यांनी जी युक्ती योजली ती ऐकावी. शाळांचे दोन भाग केले. मुख्याध्यापकाच्या इच्छेने नव्हे, कोणाच्या शिफारशीनेही नव्हे, तर केवळ सोडतीने. पहिल्या भागातील शाळांना बालसखी मिळाली ती तिसरीसाठी, दुसऱ्या भागातील शाळांना मिळाली ती चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. म्हणजे एकही शाळा रिकाम्या हाताने परतली नाही. आणि तरीही बालसखी असलेली तिसरी व बालसखी नसलेली तिसरी समोरासमोर ठेवता आली. सोडतीचा गुण असा की ती आंधळी असते. श्रीमंत-गरीब, दक्ष-बेफिकीर, हुशार-मंद, सगळे दोन्ही बाजूंस जवळपास सारखे वाटले जातात, आणि जे गुण आपणांस मोजताच येत नाहीत तेही वाटले जातात. मग उरलेला फरक बालसखीचा म्हणता येतो.

या पाहणीत आरंभी जे दिसले ते आमच्यासारख्या शिक्षकास खाली मान घालावयास लावणारे आहे. बडोद्याच्या शाळांत तिसरीतील पाचांपैकी जेमतेम एका मुलास पहिलीच्या योग्यतेचे गणित सुटत होते. बालसखीचा परिणाम मोजला, तो पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण-विचलन इतका भरला. या परिभाषेने भिण्याचे कारण नाही. शंभर मुले गुणांनुसार खालून वर रांगेत उभी केली, तर मधोमध असलेला पन्नासावा मुलगा ०.२८ मुळे सुमारे एकसष्टाव्या जागी जातो. ही प्रगती मुख्यतः मागे पडलेल्या मुलांत दिसली. आणि ती १५-२० मुले उठून गेल्यावर नेहमीच्या वर्गातली गर्दी कमी झाली, तरी तेथे राहिलेल्यांचा काही विशेष फायदा झाल्याचे आढळले नाही. वर्गात मुले कमी असती तर आम्ही सोने पिकविले असते, ही आम्हां शिक्षकांची जुनी तक्रार. तीस हा थोडा धक्काच होय.

आणखी एक गोष्ट त्या विद्वानांनी लपविली नाही, म्हणून आम्हीही लपवीत नाही. बालसखी निघून गेल्यावर एका वर्षाने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा तो फायदा ओसरून ०.१ च्या आसपास आला होता. आमच्या अहवालात असे वाक्य २२ वर्षांत एकदाही आले नाही.

प्रत्येक ठिकाणी सोडत काढता येते असे नाही. सरकारने शाळा आधीच बांधून टाकल्या, मग कोणती सोडत? इंडोनेशियात १९७३-७४ ते १९७८-७९ या काळात तेलाच्या पैशांतून ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. काही जिल्ह्यांत अधिक, काहींत कमी. डुफ्लो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात शाळा उघडल्या तेव्हा जी अगदी लहान होती ती मुले आणि ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले होते ती मुले, यांच्या शिक्षणातील अंतर प्रत्येक जिल्ह्यात काढले. आणि मग कमी शाळांच्या जिल्ह्यांतले अंतर अधिक शाळांच्या जिल्ह्यांतल्या अंतरातून वजा करून पाहिले. वजाबाकीची वजाबाकी. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली, तर शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षाने आणि पुढे मोठेपणी वेतन शेकडा १.५ ते २.७ ने वाढते, असा निष्कर्ष निघाला.

इस्रायलातील युक्ती तर आम्हांस फारच गमतीची वाटली. तेथे बाराव्या शतकातील धर्मपंडित मैमोनिडीज यांच्या वचनाला अनुसरून वर्गात ४० हून अधिक मुले बसवीत नसत. इयत्तेत ४० मुले असली तर एकच तुकडी. ४१ वे मूल आले की दोन तुकड्या, वीस-एकवीस मुलांच्या. ते एक मूल येणे हा निव्वळ योगायोग! तेव्हा ४० आणि ४१ च्या शाळा ताडून पाहिल्या की लहान वर्गाचा परिणाम कळावा. अँग्रिस्ट आणि लेवी यांनी १९९९ साली असे दाखविले की लहान वर्गांत, विशेषतः पाचवीत, गुण वाढतात. वीस वर्षांनी हेच गणित नव्या आकड्यांवर केले, तर तो परिणाम सापडला नाही. आणि हेही त्याच अँग्रिस्ट-लेवींनी इतर दोघांसह स्वतः छापले. आपल्या गाजलेल्या निष्कर्षावर पुढे आपणच प्रश्नचिन्ह घालणारी माणसे आम्ही शिक्षणखात्यात तरी फारशी पाहिली नाहीत.

आता ठरावाच्या दुसऱ्या अंगाकडे वळतो : गुणगौरव. कोणी असे समजू नये की आम्ही पारितोषिकांचे वैरी आहोत. परंतु जी कसोटी आमच्या वर्गाला, तीच शालजोडी आणि प्रशस्तिपत्रालाही लावली पाहिजे. आणि नवल असे की, ही कसोटी फार जुनी आहे. अमेरिकेत एका राष्ट्रीय गुणवत्ता परीक्षेत ठरावीक गुणांच्या वर गेलेल्यांना प्रमाणपत्र मिळे व त्यांची नावे जाहीर होत; किंचित खाली राहिलेल्यांना केवळ एक शाबासकीचे पत्र जाई. थिस्टलथ्वेट आणि कॅम्पबेल या दोघांनी १९६० साली रेषेच्या अगदी लगतच्या, वरच्या व खालच्या, मुलांची तुलना केली. एका गुणाने वर गेलेला आणि एका गुणाने खाली राहिलेला यांच्या योग्यतेत फरक तो काय? तेव्हा पुढे त्यांच्यात जो फरक पडेल तो त्या गौरवाचाच. त्यांना असे दिसले की, जाहीर गौरव झालेल्यांना इतर शिष्यवृत्त्या अधिक मिळाल्या. मात्र पुढील विद्याभ्यासाची त्यांची वृत्ती किंवा जीवनातील बेत बदलल्याचे दिसले नाही. हे अमेरिकेतले झाले. आपल्या गुणगौरवाची रेषा शेकडा ७५ ची आहे, आणि ७४ मिळालेल्या मुलांची यादी मंडळाकडे अर्जांच्या रूपाने पडून आहे. ती कोणी उघडून पाहिली आहे काय?

येथे एक शंका निघेल, आणि ती खासगीत निघालीही आहे : “गुरुजी, एवढी सोडत कशाला? आकडे असले की संगणक सगळे दुरुस्त करून देतो. घरची मिळकत, वडिलांचे शिक्षण, मागचे गुण घाला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झाल्या.” शास्त्रज्ञांचीही एके काळी हीच भावना होती. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकात बेकार व विपन्न लोकांना आधाराने कामास लावण्याची एक योजना होती. तिच्यात सोडत काढलेली असल्यामुळे खरा परिणाम ठाऊक होता. लॅलोंद नावाच्या अभ्यासकाने सोडतीतील वगळलेली माणसे बाजूस ठेवली, साध्या पाहणीतील इतर माणसे तुलनेस घेतली आणि तत्कालीन दुरुस्तीच्या पद्धती लावून पाहिल्या. १९८६ साली त्याने दाखविले की ही उत्तरे खऱ्या उत्तरापासून पुष्कळदा दूर जातात. काही तर चक्क उलट्या दिशेची. पुढे या पद्धती सुधारल्या. पण मुलाच्या मनाची उमेद कोणत्या रकान्यात लिहावयाची, हा प्रश्न राहतोच.

दुसरी शंका ज्येष्ठांची, आणि ती अधिक गंभीर आहे. गरजू मुलांच्या चिठ्ठ्या टाकणे म्हणजे त्यांच्या नशिबाशी खेळणे नव्हे काय? आम्हीही पुष्कळ दिवस असेच म्हणत होतो. पण आज काय चालते? गेल्या जूनमध्ये जागा ३० होत्या आणि अर्ज ५० च्या घरात होते. निवड आम्ही केली. कोणाचे वडील परिचित, कोणाची कार्यकारिणीतून चिठ्ठी, कोणाची आई दोनदा येऊन रडून गेली. जिला आपल्या सभागृहाचा जिना चढण्याचे धैर्य झाले नाही, तिचा मुलगा राहिला. सोडतीपेक्षा हे न्याय्य होते असे आम्ही आज शपथेवर सांगू शकत नाही.

तेव्हा बालसखीची युक्ती आम्ही आपल्या सभागृहास लावून पाहिली, आणि आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. जेवढे अर्ज येतील तेवढी सर्व मुले घ्यावीत. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत. एक गट सोमवार, बुधवार व शुक्रवार येईल आणि गणित शिकेल. दुसरा मंगळवार, गुरुवार व शनिवार येईल आणि इंग्रजी शिकेल. वंचित कोणीच नाही. मार्चच्या परीक्षेनंतर गणिताचे गुण ताडून पाहावेत, तेव्हा इंग्रजीवाला गट हा आपला आरसा. इंग्रजीचे पाहावेत, तेव्हा गणितवाला. ही मांडणी आम्ही पुतणीस दाखविली. तिने दोन चुका काढल्या, दोन्ही सांगतो.

एक तर, मुले थोडी आहेत. नाणे दहादा उडविले तर सात वेळा छापा पडू शकतो, म्हणून नाणे खोटे ठरत नाही. पंचवीस-पंचवीस मुलांत चार-पाच गुणांचा फरक निव्वळ दैवानेही पडेल. म्हणून एका वर्षाच्या आकड्यांवर वर्ग तारूही नये आणि बुडवूही नये. निदान तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करावेत. तेवढ्यानेही लहानसा परिणाम दिसेलच अशी खात्री नाही. शिवाय गणिताच्या गटातील मुलगा आपली वही शेजारच्या इंग्रजीवाल्यास देणार. ते आपण रोखू शकत नाही, रोखूही नये. पण त्यामुळे वर्गाचा परिणाम असेल त्याहून थोडा कमी भासेल, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक आमच्या वर्मी लागणारी होती. चिठ्ठी निघाल्यावर ज्या गटात नाव पडले, त्याच गटात ते शेवटपर्यंत मोजले पाहिजे. मुलगा एक दिवस आला असो वा रोज. मधेच सोडून गेलेल्यांना वगळले की सोडतीने केलेली सारी समता मोडते, आणि आपण पुन्हा ‘दहांपैकी नऊ’ लिहू लागतो. म्हणजे तांबड्या शाईचा नियम रद्द करावा लागणार. तो आम्ही रद्द करीत आहोत.

वर्ग बंद करण्याचा ठराव तीन वर्षे पुढे ढकलावा, एवढीच आमची कार्यकारिणीस विनंती. तीन वर्षांनी उत्तर आमच्याविरुद्ध गेले, तर ठराव मांडण्याचे काम आम्हीच करू; त्या वेळी वय सत्तरीच्या घरात असेल, तेव्हा कोणी तरी हात धरून व्यासपीठावर आणावे.

काही व्यावहारिक गोष्टी राहिल्या. नवी वही आणली आहे. तिच्यात प्रत्येक नावापुढे मार्चच्या गुणांचा रकाना आहे, आणि तो कोरा राहता कामा नये. जी मुले येणे थांबवतील त्यांच्या घरी जाऊन निकाल विचारावा लागेल. आमच्या गुडघ्यांना आता चाळींचे जिने चढवत नाहीत. त्यासाठी दोन तरुण कार्यकर्ते हवेत, आणि ते ठराव मांडणाऱ्या मंडळींतलेच असले तर फारच उत्तम. गणित आम्ही शिकवू. इंग्रजीस शिक्षक नाही. भगिनींपैकी कोणी पुढे येतील काय? चिठ्ठ्या जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता याच सभागृहात सर्वांसमक्ष काढल्या जातील. डबा आम्ही आणू. चिठ्ठी उचलण्यास मात्र एखादे लहान मूल कोणी तरी घेऊन यावे. ज्याला अजून वाचता येत नाही, असे.